'डिमाइझ'चा अर्थ हवा आहे, घाई आहे

कागदीघोडा: 'डिमाइझ' म्हणजे मृत्यू ना? इथे जागाच 'डिमाइझ' केली आहे. मेलेली जागा? पुढे 'मेसविज, टेनेमेंट्स अँड हेरेडिटामेंट्स' अशी माळ. मराठी शब्द द्या, भाषांतर उद्या सकाळी द्यायचंय.

चतुःसीमा: कागद कसला? खरेदीखत, भाडेपट्टा की मृत्युपत्र? पूर्ण वाक्य टाका.

शब्दवेडा: उच्चार 'मेस्विज'. जुन्या फ्रेंच 'मेनाज'मधला 'एन' हस्तलिखितात 'यू' वाचला गेला आणि हा शब्द जन्मला, असं मानतात.

कागदीघोडा: उच्चार नको हो, अर्थ! ९९ वर्षांचा भाडेपट्टा, मुंबईतला. 'डझ हिअरबाय डिमाइझ अन्टू द लेसी', लेसी म्हणजे पट्टा घेणारा.

चतुःसीमा: हे आधी सांगायचं. 'डिमाइझ' म्हणजे पट्ट्याने देणे. 'डिमाइझ्ड प्रिमायसेस' = पट्ट्याने दिलेली मिळकत. मूळ अर्थ हक्क दुसऱ्याकडे जाणे. राजा मेला की राज्य पुढच्याकडे जाई, त्यातून मृत्यू हा अर्थ नंतर चिकटला.
मेसविज: राहतं घर, अंगण-परस आणि जोडबांधकामासकट. टेनेमेंट: चाळीतली खोली नव्हे, धारण केलेली कुठलीही स्थावर मिळकत. हेरेडिटामेंट: 'वारसाप्राप्य हक्क' लिहा, वारशाने जाऊ शकेल ते सगळं, अगदी वाटेचा वहिवाटीचा हक्कसुद्धा. तिन्ही एकमेकांवर चढतात. काही निसटू नये म्हणून वकिलांनी टाकलेलं जाळं आहे ते, तीन वेगळ्या वस्तू शोधत बसू नका.

बखरबहाद्दर: एवढा खटाटोप कशाला? आपल्या खतांत तयार आहे: 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह दरोबस्त'.

चतुःसीमा: ते खरेदीखतातलं. निधी-निक्षेप म्हणजे पुरलेलं धन, ठेव. मुळात न दिलेला हक्क भाषांतरात कसा देणार? आणि दरोबस्त म्हणजे काही न राखता सगळं. पट्ट्यात मालकी देणाऱ्याकडेच राहते.

बखरबहाद्दर: 'वारसाप्राप्य हक्क' तरी कुणाला कळणार आहे? निदान भाषा आपली राहील.

गिरगावकर: चाळीचा विषय निघालाच आहे, तर पागडीची पावती नावावर करून घेताना मालकाची लेखी संमती घ्या.

शब्दवेडा: पागडी कुठून आली?!
बरं, 'डिटरमाइन' आहे का बघा. 'ऑन डिटरमिनेशन ऑफ द लीज' म्हणजे पट्टा संपुष्टात आल्यावर. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १११ याच अर्थाने आहे. त्यातलं पहिलंच कारण मुदत संपणे.

कागदीघोडा: मेलो. तिथे 'पट्टा निश्चित झाल्यावर' लिहिलंय. बदलतो. 'यील्डिंग अँड पेइंग देअरफॉर' म्हणजे उत्पन्न ना?

चतुःसीमा: नाही, ते भाड्याचं कलम. 'त्याबदली भाडे देऊन'. पुढे रक्कम असेल. 'पेपरकॉर्न' असेल तर नुसता 'मिरीदाणा' लिहून सोडू नका, नाममात्र भाडं आहे ते.

कागदीघोडा: वर्षाला एक रुपया. शेवटी 'इफ डिमांडेड'.

चतुःसीमा: मग 'मागणी केल्यास' गाळू नका. मागितल्याशिवाय तो रुपया थकत नाही.