घोळाण्याची मेथी आणि मिठाचं पाणी
‘मिठाच्या पाण्यात बुडवली की कच्ची मेथी निर्धोक’ असं घोळाण्याबद्दल (म्हणजे कच्च्या मेथीच्या कोशिंबिरीबद्दल) कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. ई. कोलाय हा आजारी पाडू शकणारा जिवाणू पानांच्या रंध्रांत, चिरलेल्या कडांत शिरतो. धुतल्याने कमी होतो, पुरता जात नाही. अमेरिकेत २०१८ साली ॲरिझोनातल्या युमा भागातल्या रोमेन लेट्यूसमुळे (ही कच्ची खातात ती पालेभाजी) २१० जण आजारी पडले, ५ दगावले. तोच जिवाणू तिथल्या कालव्याच्या पाण्यात सापडला. आणि आपल्या सांगलीत? गड्ड्या टवटवीत दिसाव्यात म्हणून मंडईत ज्या बादलीतलं पाणी शिंपडतात ती एकदा बघाच: तळाला माती, वर पानांचा चुरा. घोळाणा मलाही जीव की प्राण आहे, पण घरात लहान लेकरू किंवा गरोदर बाई असेल तर मेथी चांगली परतूनच द्या. एरवी वाहत्या पाण्याखाली पानं सुटी करून धुवा, चिरली की लगेच खा.