टायटल हरवलेला जुना ट्रक आणि बाँड: टेक्सासमधल्यांनी जरा सांगा

वडाची_पारंबी (ह्यूस्टन)

मंडळी, इथे कोणी टेक्सासमध्ये 'बाँडेड टायटल' काढलं आहे का, म्हणजे टायटल (गाडीच्या मालकीचा सरकारी कागद) नसताना बाँड देऊन मिळतं ते? प्रकरण जरा गुंत्याचं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

शेजारच्या आजोबांकडे १९९३ची फोर्ड एफ-१५० आहे. ४.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, बॉडीला किरकोळ गंज, सीटच्या फोमात उंदरांनी संसार थाटलेला. आजोबा आता मुलीकडे राहायला चाललेत, म्हणून त्यांनी ती मला ८०० डॉलरला दिली. पैसे चेकने दिले, दोघांच्या सह्यांचं बिल ऑफ सेल (विक्रीचा कागद) आहे. ट्रक सध्या माझ्या ड्राइव्हवेवर उभा आहे.

अडचण अशी की ट्रक आजोबांच्या नावावर कधी झालाच नाही. त्यांनी तो कामावरच्या एका सहकाऱ्याकडून घेतला, त्याने टायटलच्या मागे सही करून दिली आणि ह्यांनी तो कागद कपाटात ठेवून दिला. काचेवरचा रजिस्ट्रेशनचा शेवटचा स्टिकर २०१५चा. २०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळ आलं, घरात पाणी शिरलं आणि कपाटातलं सगळं भिजलं. ते टायटल त्यांनी अजून झिपलॉकच्या पिशवीत जपून ठेवलंय. करड्या कागदाचा गोळा आणि एका कडेला निळ्या शाईचा ओघळ, बाकी काही वाचता येत नाही. सहकारी राज्य सोडून गेला, कुठे ते आजोबांना माहीत नाही. जुना फोन नंबर आता दुसऱ्याच कोणाचा तरी आहे.

काउंटीच्या टॅक्स ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी कागद न बघताच 'बाँडेड टायटल' म्हणून सांगितलं आणि पुढचा नंबर पुकारला. घरी येऊन वाचलं तर डोकं आणखी फिरलं. बाँड गाडीच्या किमतीच्या दीडपट लागतो म्हणतात. ही किंमत म्हणजे माझे ८०० का? हा बाँड म्हणजे एक प्रकारचा विमाच ना, म्हणजे उद्या तो सहकारी उगवला तर कंपनी निस्तरेल? आणि तीन वर्षं नक्की काय होतं? बायकोचं म्हणणं, एवढ्या पैशात आणि मनस्तापात भंगारवाल्याला फोन कर. मला तसं करायचं नाहीये.

खडूफळा

बाँडच्या नादाला लागण्याआधी एक सोपा रस्ता तपासा. राज्याच्या दप्तरात टायटल ज्याच्या नावावर आहे तो माणूस सापडला तर त्याला व्हीटीआर-३४ हा फॉर्म भरून टायटलची सर्टिफाइड कॉपी काढता येते. पोस्टाने केली तर फी फक्त २ डॉलर. मग त्याने त्या कॉपीवर सही करून द्यायची आणि विषय संपला. तो वारला असेल तर वारसांसाठी वेगळं प्रतिज्ञापत्र आहे, व्हीटीआर-२६२. मात्र ही कॉपी तुम्ही किंवा आजोबा मागू शकत नाही, ज्याचं नाव नोंदीत आहे त्यालाच मिळते. आजोबांच्या जुन्या कंपनीतल्या निवृत्त मंडळींना विचारून बघा. असली माणसं फेसबुकवर नसतात, पण ख्रिसमसचं कार्ड कोणाला ना कोणाला तरी पाठवत असतात.

डिझेलभाऊ

हार्वेच्या वेळी ट्रक कुठे होता? कपाट भिजलं म्हणता, ट्रक भिजला नाही ना? शिवाय व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) एनआयसीबी ह्या विमा-फसवणूक रोखणाऱ्या संस्थेच्या साइटवर टाकून बघा, फुकट आहे. चोरीची किंवा सॅल्व्हेजची (विमा कंपनीने निकामी ठरवल्याची) नोंद असेल तर तिथे कळेल. तिथे काही निघालं तर बाँड वगैरे सगळं विसरा.

वडाची_पारंबी

@डिझेलभाऊ, ट्रक तेव्हा ब्रेनहॅमजवळ त्यांच्या भावाच्या गोठ्यात होता, उंचावर. गालिच्याखालचा पत्रा कोरडा आहे, चिखलाचा मागमूस नाही. एनआयसीबीवर काही निघालं नाही. @खडूफळा, सहकाऱ्याचा शोध चालू ठेवतो, पण आजोबांना त्याचं आडनावही आता नीट आठवत नाही. 'स्मिथ किंवा श्मिट' एवढ्यावर ह्यूस्टनमध्ये माणूस कसा शोधायचा?

जामीनदारीण (डॅलस)

मी इन्शुरन्स एजन्सीत काम करते. नोटरीचे बाँड, काँट्रॅक्टरचे बाँड आणि अधूनमधून असे टायटलचे बाँड माझ्याच टेबलावरून जातात. तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी दडलाय, तोच आधी घेते.

बाँड म्हणजे विमा नाही. तुम्ही पैसे भरता, पण संरक्षण तुम्हाला मिळत नाही. ते मिळतं गाडीच्या आधीच्या मालकाला, ज्याचं कर्ज गाडीवर असेल त्याला आणि उद्या तुमच्याकडून गाडी विकत घेणाऱ्याला. त्यांच्यापैकी कोणी 'ही गाडी माझी' म्हणून खरा दावा सिद्ध केला तर कंपनी बाँडच्या रकमेपर्यंत त्यांना भरपाई देते आणि मग ते पैसे तुमच्याकडून वसूल करते. अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात इंडेम्निटीचा (नुकसान भरून देण्याचा) करार असतो, सही तुमचीच असते. गावाकडे कोणी जामीन राहिला आणि कर्जदार बुडाला तर जामीनदार नंतर कर्जदाराच्याच दारात येतो, तसंच हे. लोक ही सही न वाचता करतात आणि 'कंपनी बघून घेईल' म्हणत निघून जातात, ह्याचा मला दर वेळी त्रास होतो.

आता रक्कम. दीडपट तुमच्या ८०० डॉलरची नाही, राज्याने ठरवलेल्या किमतीची. साधारण गाड्यांना ते स्टँडर्ड प्रिझम्प्टिव्ह व्हॅल्यू, म्हणजे राज्याच्या यादीतली गृहीत किंमत, बघतात. इतक्या जुन्या गाडीला ती सापडत नाही, तेव्हा परवानाधारक डीलर किंवा इन्शुरन्स अॅडजस्टर यांच्याकडून व्हीटीआर-१२५ ह्या फॉर्मवर मूल्यांकन करून घ्यावं लागतं. आणि गाडी २५ वर्षं किंवा त्याहून जुनी असेल तर मूल्यांकन ४,००० डॉलरपेक्षा कमी आलं तरी ते ४,०००च धरतात. म्हणजे तुमचा बाँड ६,००० डॉलरचा. घाबरू नका, ६,००० तुम्ही भरायचे नाहीत, भरायचा तो प्रीमियम. एवढ्या लहान बाँडला तो शंभर डॉलरच्या आसपास असतो आणि तिन्ही वर्षांचा एकदाच. ह्या रकमेला सहसा कोणी तुमची क्रेडिट हिस्ट्री उकरत बसत नाही.

क्रम मात्र उलटा करू नका. आधी बाँड विकत घेऊन मग ऑफिसात जाणारे खूप भेटतात. आधी व्हीटीआर-१३०-एसओएफ हा हकिकतीचा फॉर्म भरायचा, सोबत बिल ऑफ सेल, चेकची बँकेतली प्रत, फोटो आयडी आणि १५ डॉलर. हे टॅक्स ऑफिसात नाही, डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन खात्याच्या) रीजनल सर्व्हिस सेंटरमध्ये द्यायचं. ह्यूस्टनमध्ये ते आहे. तिथून नोटीस ऑफ डिटर्मिनेशन मिळतं आणि बाँड किती रकमेचा हवा ते त्यावर लिहिलेलं असतं. ती नोटीस घेऊन आमच्यासारख्यांकडे या. नोटिशीच्या तारखेपासून बाँड घ्यायला एक वर्ष असतं, पण बाँड घेतला की ३० दिवसांत तो काउंटी टॅक्स ऑफिसात १३०-यू ह्या टायटलच्या अर्जासोबत जमा करायचा. बाँडला जोडलेली शिक्क्याची पॉवर ऑफ अॅटर्नी काढून ठेवू नका. नको तो कागद समजून लोक ती घरीच ठेवतात आणि काउंटरवरून परत येतात.

नावाचं विशेष सांगते, कारण आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. लायसन्सवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, बिल ऑफ सेलवर नुसतं 'रवी', बाँडवर मधलं अक्षर आणि अर्जावर आणखी चौथंच काहीतरी. माझ्याकडे येणाऱ्या मराठी मंडळींच्या बाँडात सगळ्यात जास्त दुरुस्त्या नावाच्याच होतात. लायसन्सवर आहे तसंच, अक्षरनक्षर, सगळीकडे लिहा.

आणि एसओएफवर खरी साखळी लिहा: सहकारी, मग आजोबा, मग तुम्ही. 'मधल्या आजोबांना वगळा, थेट सहकाऱ्याकडून घेतला म्हणा, सोपं पडेल' असा सल्ला तुम्हाला पार्किंगमध्ये कोणी तरी देईलच. टायटलच्या अर्जात खोटं लिहिणं टेक्सासमध्ये थर्ड डिग्री फेलनी आहे. भिजलेल्या टायटलचा तो लगदाही घेऊन जा. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य, पण सांगितलेल्या गोष्टीला आधार होतो.

तीन वर्षांत कोणी दावा केला नाही तर बाँड संपतो आणि टायटलवरचा बाँडचा शेरा काढून घेता येतो. सहकाऱ्याने स्वतः सही करून गाडी विकली होती, पैसेही घेतले होते. तो आला तरी कशाच्या जोरावर भांडणार? तुमच्या केसमध्ये मला त्याची काळजी वाटत नाही. नोंदीत एखादं कर्ज दिसतंय का, ते आधी बघा. दहा वर्षांच्या आतलं असेल तर ते फिटल्याचं पत्र मागतील, त्याहून जुनं असेल तर अडत नाही.

सॅनहोजेचा_सुभेदार

आमच्या कॅलिफोर्नियात ५,००० डॉलरच्या आतल्या गाडीला बाँडची भानगडच नसते, स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्सवर काम होतं. आणि ते व्हरमाँटचं काय झालं? तिथे पोस्टाने कागद पाठवून कुठल्याही राज्यातल्या माणसाला जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन मिळायचं.

डिझेलभाऊ

@सुभेदार, ते दार २०२३च्या उन्हाळ्यात बंद झालं. बाहेरच्या राज्यातल्यांकडून आता त्यांच्या राज्याचे पुरावे मागतात. यूट्यूबवर अजून जुने व्हिडिओ फिरतात, बघून कोणी चेक पाठवू नका.

वडाची_पारंबी

@जामीनदारीण, मनापासून आभार. विमा समजूनच चाललो होतो, तेवढ्यात तुम्ही गाठलंत. कर्जाची नोंद नाही. अजून दोन गोष्टी विचारतो. तीन वर्षं गाडी विकता येत नाही असं माझ्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं, खरं का? आणि व्हिनची तपासणी पोलिसांकडून करावी लागेल का? दाराच्या कडेचा स्टिकर उन्हाने पांढरा पडलाय, डॅशबोर्डवरची पट्टी मात्र शाबूत आहे.

जामीनदारीण

विकता येते. शेरा टायटलवर दिसतोच, तो घेणाऱ्याला आधीच दाखवायचा, किंमत थोडी पडते इतकंच. पण एक सल्ला, कामाबाहेरचा: पहिल्या वर्षी त्या ट्रकवर हजारोंचा पेंट आणि नवं इंटीरियर करू नका. दावा निघालाच तर तुमचा खर्च कोणी भरून देणार नाही. ब्रेक, टायर, इंधनाच्या नळ्या एवढं करा.

व्हिनसाठी व्हीटीआर-६८-ए लागतो तो मुख्यतः टेक्सासची नोंद नसलेल्या गाड्यांना. तुमची नोंद इथलीच आहे, तेव्हा बहुतेक मागणार नाहीत. पट्टीवरचा नंबर काचेतून उजेड पाडून वाचा आणि जवळून फोटो काढा. १७ अक्षरं असतात, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. तसलं काही दिसलं तर ते एक किंवा शून्य समजा. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, १९९३ला ते 'पी' असायला हवं.

वडाची_पारंबी

आत्ताच टॉर्च घेऊन जाऊन आलो. दहावं 'पी' आहे. पण बिल ऑफ सेलवर आजोबांनी सातव्या जागी एस लिहिलाय आणि पट्टीवर ५ दिसतोय.

जामीनदारीण

मग खाडाखोड करू नका. आजोबा मुलीकडे जायच्या आत नवं बिल ऑफ सेल करून घ्या, विक्रीची मूळ तारीख तीच ठेवून आणि सही आजची तारीख घालून. जुनंही फाडू नका, दोन्ही सोबत द्या. आणि त्या दिवशी त्यांच्याकडून एक कागद आणखी घ्या: ट्रक कोणाकडून, साधारण कोणत्या साली घेतला, टायटल कसं गेलं, हे त्यांच्याच शब्दांत, नोटरीसमोर. स्मिथ की श्मिट ते त्यांना आठवत नसेल तर तसंच लिहायचं, अंदाजाने नाव भरायचं नाही. बऱ्याच बँका खातेदाराला नोटरी फुकट करून देतात.

वडाची_पारंबी

शनिवारी त्यांना बँकेत घेऊन जातो. व्हीटीआर-१२५साठी डीलरला ट्रक ओढून न्यावा लागेल, कारण रजिस्ट्रेशन नाही. की डीलर घरी येतात?

डिझेलभाऊ

लहान डीलर असेल तर येतो, फोन करून विचारा. मोठे डीलर १९९३ म्हटलं की फोन ठेवतात. तुम्ही ह्यूस्टनच्या कुठल्या बाजूला? पश्चिमेला असाल तर मी फ्लॅटबेडवाला देतो, मेसेज करा.