मदत हवी आहे: पी-91 (क्रोम-मॉली स्टील) पाइपचा जॉइंट, पीडब्ल्यूएचटीनंतर (वेल्डिंगनंतरच्या हीट ट्रीटमेंटनंतर) तळाशी हार्डनेस जास्त
आडव्या स्टीम लाइनचा बट जॉइंट, व्यास 219 मिमी, जाडी 25. प्रीहीट 220 अंश, इंटरपास (दोन थरांमधलं तापमान) 300 च्या आत. वेल्डिंगनंतर 90 पर्यंत थंड होऊ दिला, मग 755 वर दोन तास सोकिंग (त्याच तापमानाला धरून ठेवणं). आता वेल्डचा हार्डनेस वरच्या बाजूला 220 एचबी (ब्रिनेल) आणि तळाशी 290! अर्धा मिमी ग्राइंड करून पुन्हा घेतला, आकडा तोच. हीटिंग एकाच झोनचं, थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) फक्त वर. म्हणजे तळ थंड राहून मार्टेन्साइट (थंड होताना बनणारी कडक रचना) नीट टेम्पर झालेलं नाही, म्हणजे पुरेसं मऊ पडलेलं नाही, दुसरं काय?

वर-खाली वेगळे झोन, वेगळी थर्मोकपलं लावून पूर्ण सायकल पुन्हा चालवली, तर वरचा भाग 190 च्या खाली मऊ पडेल का? फिलरमध्ये निकेल-मँगनीज मिळून 1.1 टक्के आहे, त्याने स्टीलची रचना पुन्हा बदलायला लागण्याचं तापमान खाली येतं, त्यामुळे 770 च्या वर जायचं नाही.