समाजशास्त्र घेतलं, मग पुढे? तुमचे अनुभव लिहा

माझ्या भाचीनं पदवीसाठी समाजशास्त्र निवडलंय. घरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "करून पुढे काय?" मी स्वतः हाच विषय घेतला होता, तरी मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारते. काय शिकलात, कुठे पोचलात, काय फसलं, मोकळेपणानं लिहा. 'विचार करायला शिकवतं' एवढ्यावर मात्र थांबू नका. ते मी सांगून झालंय. आई म्हणाली, "मग बाकीचे विषय काय झोपायला शिकवतात?"

* * *

सर्वेक्षणं करणाऱ्या संस्थेत मला अकरा वर्षं झाली. पदवीचं पहिलं वर्ष कोरडंच गेलं. कॉम्त, मार्क्स, वेबर, द्यूरकेम, नावं पाठ करायची आणि पेपरात उतरवायची. मग एकदा द्यूरकेमचा 1897चा आत्महत्यांवरचा अभ्यास वर्गात नीट उलगडून सांगितला गेला. इतकी खाजगी कृती, पण तिचंही प्रमाण समूहागणिक वेगळं, आणि त्या त्या समूहात वर्षानुवर्षं साधारण तेवढंच. त्याच्या आकडेवारीवर पुढे बरीच टीका झाली, ती रास्तही आहे. पण विषयाशी माझं जमलं ते त्या दिवशी.

पोटापाण्याच्या कामी आला तो दुसऱ्या वर्षाचा संशोधन पद्धतीचा पेपर. माझ्या प्रश्नावलीत होतं, 'पगार आणि कामाच्या वेळा यांबद्दल तुम्ही समाधानी आहात का?' बाईंनी लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'पगार बरा पण वेळा वाईट असतील, त्यानं काय उत्तर द्यायचं?' आता नव्या मुलांच्या प्रश्नावल्यांवर तोच गोल मी काढते.

ग्राहक हटकून म्हणतात, जास्त लोकांना विचारा. मग मी 1936ची गोष्ट काढते. अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका भरून आल्या. त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं आणि रूझवेल्ट दणदणीत निवडून आले. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतलेले, म्हणजे तेव्हाच्या सुखवस्तू लोकांचे, त्यात उत्तर पाठवायची हौस असलेल्यांचाच भरणा. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेले हजार लोक असले, तर अंदाज सहसा तीनेक टक्के इकडेतिकडे होतो.

पश्चात्ताप एकच. संख्याशास्त्र ऐच्छिक होतं, मी टाळलं. मग सव्विसाव्या वर्षी ऑफिस सुटल्यावर रात्री बसून शिकले. भाचीला सांगा, टाळू नकोस म्हणावं.

* * *

थोडं कडू लिहितो. पदवीनंतर दीड वर्ष घरी होतो. मुलाखतीत विचारायचे, "तुम्हाला येतं काय?" आणि मी गप्प. शेवटी काम मिळालं ते एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून, ज्याच्याशी वर्षभर बोलणंही नव्हतं. गंमत म्हणजे समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटरचा 1973चा लेख मी परीक्षेला पाठ केला होता: नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून येते, कारण जिवलगांना आपल्याला माहीत असलेलंच माहीत असतं. पाठ होता, उपयोग मात्र अपघातानं झाला. आता मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. विषयाचा रोज संबंध येतो असं खोटं सांगणार नाही.

* * *

समाजशास्त्र म्हणजे समाजकार्य नव्हे, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं! लोकांना प्रत्यक्ष मदत करायची म्हणून आले आणि तीन वर्षं सिद्धान्त वाचले. नंतर समाजकार्याचं वेगळं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागलं. आज रुग्णालयात रुग्णांच्या कुटुंबांबरोबर काम करते. वाचलेलं वाया गेलं नाही, पण आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

* * *

मी सॉफ्टवेअर कंपनीत वापरकर्त्यांचा अभ्यास करतो. माझ्या शेजारी संगणकवाले बसतात, त्यांना माझी पदवी अजून कोड्यात टाकते. एकदा परिचारिकांसाठी नोंदी ठेवण्याचं अ‍ॅप करत होतो. व्यवस्थापक म्हणाले, "आमच्याकडे कागद बंद झालाय." मी दोन दिवस वॉर्डात नुसता उभा राहिलो. प्रत्येकीच्या खिशात चिठ्ठी! रुग्णाजवळ असताना चिठ्ठीवर लिहायचं, पाळी संपताना सगळं एकदम अ‍ॅपमध्ये भरायचं. समाजशास्त्रज्ञ गॉफमननं 1959 साली रंगमंचाचा पुढचा आणि मागचा भाग म्हणून जे मांडलं, म्हणजे लोकांसमोर माणूस एक दाखवतो आणि पडद्यामागे वेगळं वागतो, ते अगदी डोळ्यांसमोर होतं. आम्ही चिठ्ठी बंद करण्याच्या भानगडीत पडलो नाही. तिच्यावर जे चार शब्द असायचे, तेवढेच पहिल्या पडद्यावर आणले.

कुणाच्या आईला मोठी नावं हवी असतील तर मार्टिन ल्यूथर किंग यांची 1948ची पदवी समाजशास्त्राची, आणि मिशेल ओबामांची 1985चीही. अर्थात त्यावरून तुमच्या भाचीचं काय होईल ते मुळीच कळत नाही.

* * *

पीएचडी केली, शिकवतो. कायमची जागा मिळायला सात वर्षं गेली, तोवर दर सत्राला नवा करार. विषयावर जीव असेल तरच या वाटेला या, आणि घरखर्चाचा हिशोब आधी करा.

* * *

मी शेवटच्या वर्षाला आहे. विषयांतर होतंय, पण विचारते. प्रकल्पासाठी घरून काम करणाऱ्यांच्या मुलाखती घेतेय. रेकॉर्डर चालू असताना सगळे छान-छान बोलतात. बंद केला, पाणी प्यायला उठलं, की खरं सुरू होतं. काल एक बाई दारापर्यंत सोडायला आल्या आणि तिथे पंधरा मिनिटं बोलल्या. ते लिहायचं का?

* * *

परिचारिकांवाला मीच. त्यांना न विचारता लिहू नकोस. घरी पोचल्यावर आठवेल तेवढं तुझ्यापुरतं टिपून ठेव, आणि दोन दिवसांनी फोन करून विचार, "दारात बोललात ते वापरू का?" बहुतेक हो म्हणतात. नाही म्हणाल्या, तर ते पान फाडून टाक. पण पुढच्या मुलाखतीला दाराशी जरा जास्त वेळ काढ.