संघटनेने मागणी करावी, पण मत मागावं का?

परीक्षा_विभाग (धागाकर्ता)

येत्या शनिवारी आमच्या विद्यापीठातल्या शिक्षकेतर कर्मचारी संघटनेची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवरचा सातवा विषय असा: येत्या, २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत जुन्या पेन्शनच्या बाजूने बोलणाऱ्या उमेदवारांचा प्रचार करायचा आणि तो खर्च संघटनेच्या निधीतून करायचा. मी या ठरावाच्या विरोधात हात वर करणार आहे.

मला पेन्शन नको आहे, असं कृपया कुणी समजू नका. मी २००९ साली लागलो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या सगळ्यांसारखी माझ्याही पगारातून मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम दरमहा कापली जाते. शेजारच्या टेबलावरचे भाऊ २००४ चे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तेच, मार्कांची पडताळणी तीच, निकालाच्या आठवड्यात रात्री दहापर्यंत बसणंही तेच. ते निवृत्त होतील तेव्हा शेवटच्या पगाराच्या निम्मं आणि वर महागाई भत्ता मिळेल. माझ्या हाती बाजाराच्या कृपेने काय येईल ते मला आज कुणी सांगू शकत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आश्वासित प्रगती योजनेसाठी (बढती नाही मिळाली तरी ठराविक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला तेव्हा मी गेटवर होतो. १४ मार्चला 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर संप सुरू झाला, तो २० मार्चला मागे घेईपर्यंतही होतो.

आमच्या विभागात आम्ही अकरा जण. डबे उघडले की एका टेबलाभोवती चार पक्ष बसलेले असतात आणि वाद भाजीच्या वाटीपर्यंत जातो. पण मार्चच्या त्या सात दिवसांत अकरापैकी एकानेही हजेरीपुस्तकावर सही केली नाही. ती एकी मागणीवर झाली होती. त्या टेबलावर एका पक्षाचा बिल्ला ठेवलात तर पुढच्या संपात निम्मे लोक सही करून आत जाऊन बसतील. शिवाय वर्गणी सगळ्यांची आहे. ज्याला तो उमेदवार नको आहे, त्याच्याही पगारातून ती कापलेली आहे. आणि ज्याचा प्रचार केला तो पडला, तर दुसऱ्या दिवशी निवेदन घेऊन कोणत्या तोंडाने मंत्रालयात जायचं?

गेटवरची_ताई

दादा, त्या गेटवर मीही होते, म्हणून मोकळेपणाने लिहिते. तुमची कळकळ खरी आहे, पण पेन्शन कुलगुरू देत नाहीत, कुलसचिवही देत नाहीत. ती मंत्रिमंडळात ठरते. मंत्रिमंडळ कशाने हलतं ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात सांगितलं की जुनी पेन्शन देता येणार नाही, १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. महिन्याभरात शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका लागल्या आणि भाषा बदलली, आम्ही नकारात्मक नाही म्हणू लागले. २ फेब्रुवारीला निकाल लागला. नागपूर शिक्षक मतदारसंघात दोन वेळचे आमदार नागो गाणार पडले आणि सुधाकर अडबाले निवडून आले. अडबाले शिक्षक संघटनेचेच कार्यकर्ते. संघटनेने राजकारण करू नये असं त्या शिक्षकांनी म्हटलं असतं तर?

आता आपलं बघा. विधान परिषदेत शिक्षकांच्या सात जागा आहेत. शिक्षकेतरांची एकही नाही. आपण पदवीधर असलो तर पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवायचं आणि लाखोंच्या गर्दीत उभं राहायचं. आपल्यासाठी सभागृहात उठून बोलेल असा हक्काचा माणूस नाही, म्हणूनच विधानसभेच्या उमेदवाराला आधी शब्दात बांधून घ्यायला हवं. हिमाचलमध्ये २०२२ च्या निवडणुकीत कर्मचाऱ्यांनी हेच केलं. नव्या सरकारने १३ जानेवारी २०२३ ला पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत जुनी पेन्शन मान्य केली.

आणि परवाचंच घ्या. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने युनिफाइड पेन्शन जाहीर केली, २५ तारखेला, रविवारी, आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी. जुनी नाही, पण रविवारी बैठकीत ती मंजूर होते ती निवडणूक दारात आली म्हणूनच.

परीक्षा_विभाग

ताई, अडबाल्यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे संघटनेने आपला माणूस उभा केला. इथे ठराव दुसऱ्याच्या माणसासाठी आहे. उद्या तो पक्ष बदलला तर आपण काय करायचं? गेल्या पाच वर्षांत महाराष्ट्रात कोण कुठून कुठे गेलं ते मी मोजत बसत नाही.

एक_पालक

मी बाहेरचा माणूस. फेब्रुवारी २०२३ मध्ये माझी मुलगी पहाटे साडेपाचच्या एसटीने तालुक्याला पेपरला गेली. कॉलेजच्या फाटकावर कागद चिकटवलेला: परीक्षा पुढे ढकलली. परतीची गाडी दुपारी होती. ती फळकुटावर बसून राहिली आणि मला फोन करून रडली. तुमच्या मागणीबद्दल मला काही म्हणायचं नाही, माझ्या भावाची पेन्शनही अशीच गेली आहे. पण या धाग्यावर एवढे प्रतिसाद वाचले, त्यात अजून एकाही विद्यार्थ्याचा उल्लेख नाही. आमची मतं हवी असतील तर आधी आमच्याशी बोला.

गेटवरची_ताई

दादा, तुमच्या मुलीची माफी मागते. बहिष्काराची नोटीस शासनाला आधी दिली होती, पण फाटकावरचा कागद आदल्या दिवशी लागायला हवा होता. तो लावणं आमच्याच हातात होतं. पण हेही ऐका. संप केला की विद्यार्थ्यांचं नुकसान, न्यायालयात जावं तर २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत अधिकार नाही. त्या वेळी जयललिता सरकारने संपावरच्या लाखाहून जास्त कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसवलं होतं. न्यायालयाने बहुतेकांना परत घ्यायला लावलं, पण माफीनामा लिहून. २००४ च्या लोकसभेत त्यांच्या पक्षाला तामिळनाडूत एकही जागा मिळाली नाही, आणि त्यानंतर कर्मचाऱ्यांवरच्या कारवाया मागे घेतल्या गेल्या. ज्या हत्याराने कुणाचा पेपर चुकत नाही ते मत आहे. तेच वापरू नका म्हणता?

टेंपररी_२०१७

मी याच इमारतीत काम करतो. एजन्सीमार्फत, अकरा महिन्यांच्या करारावर, सात वर्षं. बहिष्काराच्या दिवसांत आत बसून हॉल तिकिटं छापली ती आम्ही, कारण गेलो नसतो तर दुसऱ्या दिवशी नावच कापलं असतं. बाहेर गेटवरून आम्हाला 'गद्दार' ऐकायला लागलं.

६ सप्टेंबर २०२३ ला शासनाने नऊ कंपन्यांमार्फत भरतीचा निर्णय काढला. गावोगावची पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. त्या सहा आठवड्यांत आपल्या संघटनेच्या फलकावर सहलीची सूचना होती. निवडणुकीत राजकारण जरूर करा, पण कुणासाठी? माझ्या जागेवर कायम माणूस भरला जात नाही, तोवर वीस वर्षांनी पेन्शन मागायला इथे उरणार कोण? उमेदवाराकडून शब्द घ्यायचाच तर रिक्त जागा भरण्याचा घ्या, तो पेन्शनच्या वर लिहा.

परीक्षा_विभाग

तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. 'गद्दार' कुणी म्हटलं ते मला माहीत आहे आणि मी तेव्हा गप्प बसलो होतो. ते चुकलं.

निवृत्त_लेखापाल

१९७७ च्या संपात मी जिल्हा कचेरीत कनिष्ठ लिपिक होतो. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. विद्यापीठात नंतर आलो. केंद्राइतका महागाई भत्ता हवा म्हणून तो संप ५४ दिवस चालला. र. ग. कर्णिक नेते होते. दोन पगार बुडाले, वाण्याने उधारीची वही बंद केली. आमच्यात तेव्हा जनतावाले होते, काँग्रेसवाले होते, लाल बावट्याचे होते. तरी फूट पडली नाही, हे परीक्षा विभागवाल्यांचं म्हणणं मी अनुभवाने खरं मानतो.

पण भांडण प्रचार करावा की नाही यापेक्षा पैशांचं जास्त आहे, आणि त्याचं उत्तर आज, २०२४ मध्ये लागू असलेल्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात आहे. कलम १६ वाचा. नोंदणीकृत संघटनेला राजकीय कामासाठी निधी ठेवता येतो, निवडणुकीचा खर्च, सभा, पत्रकं, सगळं त्यात बसतं. मात्र तो निधी वेगळा हवा आणि त्यासाठीची वर्गणीही वेगळी गोळा करायला हवी. ती द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. दिली नाही म्हणून सभासदाला कुठल्याही लाभातून वगळता येत नाही, आणि सभासद करून घेताना तशी अटही घालता येत नाही. म्हणजे सर्वसाधारण निधीला हात लावणारा तुमचा सातवा विषय आहे त्या रूपात मंजूर झाला तरी टिकणार नाही. मी वीस वर्षं संघटनेचे हिशोब तपासले. वेगळं पावतीपुस्तक, वेगळं खातं, एवढं केलंत तर प्रचाराला माझा विरोध नाही.

गेटवरची_ताई

काका, कायदा मान्य. पण वेगळी पावती फाडली की कोण कुणाच्या बाजूचा, याची यादीच तयार होते. आस्थापना विभागात बसते, बदलीच्या फायली माझ्यासमोरून जातात. अशी यादी साहेबांच्या टेबलावर जायला वेळ लागत नाही. भीतीने लोक दहा रुपयेही देणार नाहीत आणि मग म्हणाल, बघा, सभासदांनाच नको आहे.

निवृत्त_लेखापाल

ही भीती खरी आहे. त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आमच्या वेळी पावतीपुस्तक खजिनदाराच्या घरी असायचं, कचेरीत कधीच नाही. एवढंच सांगू शकतो.

परीक्षा_विभाग

ताई, मतांबद्दल तुम्ही मला बरंच हलवलंत. उमेदवारांकडून लेखी शब्द घ्यायला माझा आता विरोध नाही. मात्र सगळ्यांकडून घ्यायचा, प्रत्येक पक्षाकडून, आणि कुणी काय लिहून दिलं किंवा दिलं नाही ते जसंच्या तसं फलकावर लावायचं. 'याला मत द्या' हे वाक्य संघटनेच्या नावाने छापायला मी शेवटपर्यंत विरोध करीन.

शनिवारी सातव्या विषयाला ही दुरुस्ती मांडतो. सर्वसाधारण निधीतून खर्च नाही. पत्रकं छापायची तर स्वतंत्र निधी, पुस्तक खजिनदाराच्या घरी. उमेदवारांना पाठवायच्या पत्रात पहिला प्रश्न रिक्त पदं आणि करारावरच्या लोकांचा, दुसरा पेन्शनचा. परीक्षेच्या तारखांना हात लावायचा झाला तर फाटकावर सूचना किमान तीन दिवस आधी.

अनुमोदक लागेल. ताई, तुम्ही द्याल का?

गेटवरची_ताई

पहिल्या प्रश्नाला आणि फाटकावरच्या सूचनेला देते. बाकीच्यावर सभेत तुमच्या विरोधात बोलणार आहे. साडेदहाला या, नंतर हॉलमध्ये खुर्च्या उरत नाहीत.