शुकमध्ये 'कामा झे ओले' विचारून भागत नाही

कुणीतरी लिहिलंय की हिब्रूतलं 'कामा झे ओले' म्हणजे 'केवढ्याला' एवढं आलं की इस्रायलमध्ये भाजी आणता येते. माझं मत वेगळं आहे, भाव तर शुकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, बहुतेक ठिकाणी पाटीवरच आकड्यात लिहिलेला असतो, तो विचारायची फारशी गरजच पडत नाही. खरी गरज पुढे लागते, विक्रेता भराभर पिशवीत टाकत सुटला की 'मस्पीक, तोदा' म्हणजे बास, थँक्यू, अर्धाच किलो हवा असेल तर 'खत्सी किलो', आणि चाखून बघायचं असेल तर 'एफशार लितओम?'. द्राक्षं, खजूर घेताना हे जरूर विचारा, बरेच जण आनंदाने देतात.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोथिंबीर. तिला 'कुस्बरा' म्हणतात आणि तिच्या शेजारीच पार्स्लीच्या, म्हणजे 'पेत्रोझिलिया'च्या जुड्या असतात, लांबून अगदी सारख्याच दिसतात. पान चुरडून वास घ्या, नाहीतर सरळ 'झे कुस्बरा?' म्हणजे 'ही कोथिंबीर का?' विचारा. भेंडी मागायची तर 'बामिया'. आणि शुक्रवारी दुपारी शब्बातसाठी, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या सुट्टीसाठी, बाजार बंद व्हायच्या जरा आधी गेलात तर भाव बरेचदा उतरलेले असतात, गर्दी मात्र प्रचंड, यरुशलेमच्या माखाने येहुदा बाजारात तर पाय ठेवायला जागा नसते.