मदत हवी आहे: बाहेरून जोडलेल्या हार्डडिस्कवर कुठलं विंडोज आहे ते कसं कळेल?

नमस्कार मंडळी, माझ्या मावशीचं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं वगैरे, तिच्या जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेलाय पण हार्डडिस्क शाबूत आहे. यूएसबी केसिंगमध्ये घालून माझ्या विंडोज 11 च्या लॅपटॉपला जोडली तर पेजमेकरच्या सगळ्या फायली दिसतायत. पण तिचं जुनं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट परत चालवायचे तर तेच विंडोज दुसऱ्या मशीनवर टाकावं लागणार, आणि आधी कुठलं होतं हेच कोणाला आठवत नाहीये. कॅबिनेटवर स्टिकर एक्सपीचं, मावशी म्हणते मधे कोणीतरी नवीन टाकून दिलं होतं. डिस्कवर युजर्स फोल्डर आहे आणि हिडन फायली चालू केल्या की डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जपण दिसतंय, ते उघडायला गेलं की ॲक्सेस डिनाइड, मग हे एक्सपी की दुसरं काही? विनव्हर (विंडोजची आवृत्ती दाखवणारी कमांड) चालवलं तर माझ्याच लॅपटॉपचं 11 दाखवतं. त्या डिस्कवरून बूट करायचं नाहीये, तिची वर्षानुवर्षांची कामं आहेत त्यात. 32 बिट की 64 तेही हवंय, प्लीज सांगा.

प्रतिसाद: एक्सपी नाही ते. युजर्स फोल्डर व्हिस्टापासून आलं, आणि डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज हा जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेला नुसता दुवा आहे, तो उघडत नाही हे बरोबरच आहे, परमिशन बदलायला जाऊ नका. डिस्कवरच्या विंडोज फोल्डरात सिस्टम32 मध्ये कर्नेल32 डॉट डीएलएल शोधा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे फाइल व्हर्जन बघा. 6.0 म्हणजे विंडोज व्हिस्टा, 6.1 विंडोज सात, 6.2 आठ, 6.3 म्हणजे 8.1, आणि 10.0 असेल तर दहा किंवा अकरा. एक्सप्लोररच्या फाइलवरून ठरवू नका, ती एक्सपीतही 6.0 च दाखवते. विंडोज फोल्डरात सिसवॉव64 असेल तर 64 बिट, नाहीतर 32.

धागाकर्ती: 6.1.7601 आलं! सिसवॉव64 नाहीये. पण होम आहे की प्रोफेशनल?

प्रतिसाद: मग सात, सर्व्हिस पॅक 1, 32 बिट. एडिशनसाठी सिस्टम32 मधल्या कॉन्फिगमधली सॉफ्टवेअर नावाची फाइल आधी स्वतःच्या डेस्कटॉपवर कॉपी करा, मूळ फाइल उघडू नका, उघडली की तिच्यात लिहिलं जातं. रेजएडिटमध्ये (विंडोजच्या सेटिंग्जची नोंद, म्हणजे रजिस्ट्री, दाखवणारा प्रोग्राम) एचकी लोकल मशीन निवडून फाइल मेनूतून लोड हाइव्ह, ती कॉपी केलेली फाइल निवडा, काहीही नाव द्या, मग त्या नावाखाली मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, तिथे प्रॉडक्टनेम. बघून झालं की अनलोड करा. आणि पुढचं काहीही करायच्या आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवा, मावशींचं काम आहे.